अरुंधतीची प्रत

धार, ता. १८ मार्च १९०७

चिरंजीव सौभाग्यवती बकुळास चिंतामणीचे आशीर्वाद.

दुपार जाता जात नाही, घरातल्या पोथ्या दोनदा वाचून झाल्या, आता वाण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडत नाही, असे लिहिलेस. फार बरे झाले. मला असाच रिकामा आणि तीक्ष्ण डोळ्यांचा माणूस हवा होता. लहानपणी तलावाच्या पाळीवर उभी राहून पलीकडच्या काठावरच्या बायका लुगड्यांवरून ओळखायचीस, ते मी विसरलेलो नाही.

काम असे आहे. कलकत्त्याला एक साहेब आहेत, ताऱ्यांचा नाद असलेले. त्यांनी गावोगावच्या गणिताच्या मास्तरांना पत्रे धाडली आहेत की, दुर्बीण नसली तरी चालेल, नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांचे तेज मोजून कळवा. आमच्या हेडमास्तरांनी ते पत्र नाक मुरडून माझ्याकडे सरकवले. मी दोन महिने तेच करीत बसलो आहे.

अगदी ठळक ते पहिल्या प्रतीचे तारे आणि डोळ्याला जेमतेम दिसणारे ते सहाव्या प्रतीचे. एक प्रत खाली उतरलीस की तेज सुमारे अडीचपट कमी. विलायतेत आता ताऱ्याचा उजेड लोलकातून फाकवून त्याचा फोटो घेतात आणि त्यावरून ताऱ्यांच्या जातीही लावतात. पांढरे निराळे, पिवळे निराळे, तांबडे निराळे. तुझ्या वहिनीला हे सांगितले तर म्हणते, "तिथेही जाती? मग पंगती कशा बसवतात?" सावित्रीच्या नादी लागलो तर आकाश राहील बाजूला. आपल्याकडे लोलक नाही, फोटो नाही. आपल्याकडे डोळा आहे.

मी सप्तर्षी घेतले आहेत. त्यांतला अत्रि सर्वांत मंद. पूर्वी तो इतका मंद नव्हता असे काही जण म्हणतात. तारा खरेच मंदावला की पाहणारा चुकला, हे ठरवायचे तर दोन गावांहून दोघांनी पाहायला हवे. म्हणून तू. दोन तारे घे. नजर यावरून त्यावर, त्यावरून यावर ने, टक लावू नको. फरक कळलाच नाही तर शून्य मांड. बराच वेळ पाहिल्यावर कळला तर एक पायरी. पाहताक्षणी कळला तर दोन किंवा तीन. वसिष्ठाच्या कडेची अरुंधतीही मोज. ती चौथ्या प्रतीची आहे. तिच्याशी ताडून पाहायला ध्रुवमत्स्यातल्या एका ताऱ्यावर मी नकाशात खूण केली आहे.

नियम एकच, पण तो मोडायचा नाही. माझे आकडे तुला मी आधी सांगणार नाही, तुझे तू मला सांगायचे नाहीस. महिनाअखेर दोघांनी कागद टपालात टाकायचे. दुसऱ्याचे कळले की डोळा आपले पाहणे सोडतो आणि दुसऱ्याचे पाहू लागतो.

तुझा दादा

* * *

देवास, ता. ५ एप्रिल १९०७

तीर्थरूप दादांच्या चरणी बकुळाचा साष्टांग नमस्कार.

कागद सोबत आहे. सोळा संध्याकाळी पाहिले. चुका असतील तर रागावा, पण शाळेतल्या मुलांवर ओरडता तसे पत्रात ओरडू नका, पत्र इकडची स्वारीही वाचते.

आधी एक शंका. आमच्या देवासात दोन राज्ये, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रस्त्याच्या या कडेला थोरली पाती, त्या कडेला धाकटी. आमची चाकरी धाकटीची, आणि गच्चीवरून सप्तर्षी दिसतात ते नेमके थोरलीच्या घरांवर. उद्या कोणी जाब विचारला तर मी काय सांगू?

सासूबाईंना सांगितले की दादाने व्रत दिले आहे. व्रत म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला. शेजारची माळवी बाई मात्र रोज भिंतीवरून विचारते, "कंई देखी री हो, बई? ऊपर कंई धर्यो है?" मी सांगते, माझ्या माहेरचे सात जण आहेत, त्यांची तब्येत बघते. तिला ते पटले आहे.

अरुंधती खुणेच्या ताऱ्यापेक्षा दोन पायऱ्या ठळक, रोज तेवढीच. तिच्यावरून आठवले म्हणून सांगते, हसू नका. लग्नात मला अरुंधती दाखवली तेव्हा इकडची स्वारी भलत्याच ताऱ्याकडे बोट करीत होती. मला खरी दिसत होती. पण भर मांडवात नवऱ्याला चूक कोण म्हणणार? "दिसली," म्हटले आणि मान खाली घातली. आजपर्यंत हे कोणाला बोलले नव्हते.

वहिनींना नमस्कार. त्यांनी पाठवलेले लोणचे सासूबाईंनी कुलपात ठेवले आहे.

बकुळा

* * *

धार, ता. २० मे १९०७

चि. बकुळा,

अगं, तू तर माझी गुरू निघालीस! दोन्ही महिन्यांचे कागद शेजारी ठेवून पाहिले. तुझे आणि माझे आकडे एका पायरीहून जास्त कुठे हटत नाहीत, आणि जिथे हटतात तिथे मला माझ्यापेक्षा तुझाच भरवसा वाटतो. साहेबांना मी लिहिले की देवासची दुसरी निरीक्षक माझी बहीण आहे आणि तिची नजर माझ्याहून चांगली आहे. साहेबांनी उलट टपाली तुझी खास वाहवा केली आहे. बाईमाणूस तारे मोजते हे वाचून आमच्या हेडमास्तरांनी पुन्हा नाक मुरडले. त्यांना दुसरे काही येत नाही.

आता ढग येतील. पावसाळाभर सुट्टी. पुढे सप्तर्षी पहाटे दिसू लागतील तेव्हा लिहीन.

तुझा दादा

* * *

धार, ता. १४ नोव्हेंबर १९०७

चि. सौ. बकुळास आशीर्वाद.

भाऊबिजेला आलो नाही म्हणून तू रुसली असशील. जिन्यावर पाय चुकला. रोजचाच जिना, पण कडेची पायरी दिसलीच नाही. घोट्याला सूज आहे, बाकी ठीक. सावित्रीने हळदीचा लेप लावला आणि वर तासभर ऐकवले.

पहाटेचे काम चालू केले. आणि बकुळा, आज मी माझाच नियम मोडतो आहे, कारण राहवत नाही. नऊ पहाटे झाल्या, मला अरुंधती दिसत नाही. वसिष्ठ आहे, अंगिरा आहे, मरीचि आहे. वसिष्ठाच्या कडेला काही नाही. खुणेचा ताराही लागत नाही, पण तो सध्या अगदी खाली असतो आणि पहाटेच्या धुराने झाकतो, त्याचे काही नाही. अरुंधती मात्र चांगली वर असते. अत्रीच्या मागे वर्ष घालवले आणि मंदावली ती अरुंधती! खरे ठरले तर कोणाच्याही यादीत नसलेली ही गोष्ट धार आणि देवासच्या नावावर लागेल.

आणखी एक गंमत. हल्ली संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, आत निळे, बाहेर तांबडे. खळ्यांवरची धूळ हवेत असणार. तुमच्याकडे दिसतात का, तेही कळव.

तुला हाटपिपल्याची आपली आत्या, अक्का, आठवेल. कोणाच्या तरी लग्नात तिला अरुंधती दिसली नाही, आणि "जिला अरुंधती दिसत नाही ती सहा महिने काढत नाही," असे म्हणत ती पाचव्या महिन्यात गेली. तिची सत्तरी उलटून गेली होती हे कोणी बोलत नाही! तसले खूळ डोक्यात आणू नको. तू पाहा आणि काय ते साफ लिही. तुला दिसली तर माझ्या डोळ्यांचा दोष, मग काय, म्हातारपणी चष्मा लागायचा! तुला दिसली नाही तर ताऱ्याचा. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलो आहे.

तुझा दादा

* * *

देवास, ता. २५ नोव्हेंबर १९०७

तीर्थरूप दादांस बकुळाचा साष्टांग नमस्कार.

पत्र उभ्याने वाचायला घेतले आणि खाली बसले. सासूबाईंनी विचारले, माहेरी सगळे खुशाल ना? हो म्हटले.

पाच पहाटे पाहिले. लिहिते ते असे, की मलाही अरुंधती दिसत नाही. वसिष्ठ दिसतो. अरुंधती नाही. तेव्हा तुमच्या डोळ्यांना काही झालेले नाही, तुम्हाला काही झालेले नाही. दिव्याभोवतीची कडीही आमच्याकडे दिसतात, अगदी तुम्ही लिहिलीत तशीच.

अक्काचे पुन्हा लिहू नका. थट्टेतही नको. दादा, वेळेवर जेवत जा, गार वाऱ्यात पहाटे कानटोपी घालून बसा. मी शनिवार धरले आहेत. का, ते विचारू नका, असेच.

बकुळा

* * *

धार, ता. ४ डिसेंबर १९०७

चि. बकुळा,

जीव भांड्यात पडला! तुझे पत्र सावित्रीला दोनदा वाचून दाखवले. खरे सांगू? तुला लिहिले नव्हते, पण मनात भीती शिरली होती. पंधरा दिवस नीट झोप नव्हती. आता नाही. दोन गावे, चार डोळे, आणि एकच साक्ष. कलकत्त्याला सविस्तर कळवले, तुझे नाव माझ्या आधी घातले.

सावित्री म्हणते की माझ्या ओळी एकीवर एक चढतात. शाई पातळ आहे. लवकरच साहेबांचे उत्तर येईल, आल्याबरोबर लिहितो.

तुझा दादा

* * *

देवास, ता. १० जानेवारी १९०८

तीर्थरूप दादांस बकुळाचा साष्टांग नमस्कार.

महिना झाला, पत्र नाही. तुमचे मागचे पत्र वाचायला अर्धा दिवस लागला. तिसरी ओळ दुसरीत घुसली आहे, "तुझा दादा" तर कागदाबाहेर गेले आहे. दिवेलागणीला लिहीत होता का?

दादा, एकदा इंदुरास जाऊन डोळे दाखवून या. तारा आहे तो आहेच, पण दाखवायला काय हरकत आहे? माझी एवढी विनंती ऐका. मी स्वतः आले असते, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, मला उंबरा ओलांडता येत नाही. वहिनी, तुम्ही तरी त्यांना ढकलून न्या.

बकुळा

* * *

धार, ता. २ मार्च १९०८

चि. सौ. बकुळास आशीर्वाद.

हे अक्षर सावित्रीचे आहे, बोलणे माझे. धीराने वाच.

तुझे पत्र आल्यावर मी पंधरा दिवस हट्ट केला, की तारा मंदावला आहे, डोळा नाही. मग एके दिवशी वर्गात फळ्यावर मांडलेले गणित मलाच दिसेना. मुले हसली नाहीत, तेव्हा मी काय ते समजलो. महूपर्यंत टांगा, पुढे इंदुरापर्यंत आगगाडी, आणि इस्पितळ. काचबिंदू म्हणतात याला. दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूने आत येत जातो. डावा डोळा गेला. उजव्याने बांबूच्या नळीतून पाहावे तेवढे दिसते. तेही पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. शस्त्रक्रिया करतात, पण ती आधी करायची असते. आता काहीच हातात नाही. डॉक्टर भला माणूस आहे, दोनदा म्हणाला, नोव्हेंबरात आला असता तर.

कलकत्त्याचे उत्तरही आले. त्यांनी अरुंधती मोठ्या दुर्बिणीतून तपासली, इतरांकडूनही तपासवली. ती चौथ्या प्रतीची होती, आहे. तिच्यात काडीचाही फरक नाही.

आता नीट ऐक, कारण हे पत्र मी माझ्यासाठी लिहवून घेत नाही. डॉक्टरांनी विचारले, घराण्यात कोणाला होते का? मला अक्का आठवली. शेवटची दोन वर्षे ती भिंतीला हात लावून चालायची. आपण म्हणायचो, म्हातारी झाली. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातून येते, भावंडांना जपा. आणि पहिली खूण कोणती, तर दिव्याभोवती रंगीत कडी. बकुळा, तुलाही कडी दिसली होती! तुलाही अरुंधती दिसली नव्हती! तारा जागच्या जागी आहे, तेव्हा बिघडले ते आपले डोळे, माझे आणि तुझे. तू मला साक्ष दिलीस आणि साक्षीदार बिचारा आपणच आजारी होता. त्यात तुझा काय दोष? तुला कसे कळणार?

पण तुझे अजून वाचेल. सुरुवातीला औषधाचे थेंब घातले तर धुरकटपणा जातो, कडी जातात, हे मी डॉक्टरांकडून तीन वेळा वदवून घेतले आहे. एक दिवसही घालवू नको. सासूबाईंना सांग, नवऱ्याला सांग, रडून सांग, पण इंदुरास जा. मला दुसरे काही नको.

तुझा दादा

(वन्सं, बोलताना त्यांचा आवाज फुटत होता, ते लिहिता येत नाही. लवकर जा. सावित्री.)

* * *

देवास, ता. ९ मार्च १९०८

तीर्थरूप दादा,

हे पत्र वहिनी वाचणार हे मला ठाऊक आहे. वाचू देत. मला दुसरी वाट नाही.

माझे डोळे चांगले आहेत. मला अरुंधती दिसत होती. त्या पाचही पहाटे दिसत होती. आकाशात चांदणे होते, तरी दिसत होती. दिव्याभोवती मला कधीही कडे दिसले नाही.

तुमचे नोव्हेंबरातले पत्र वाचले आणि मला फक्त अक्का दिसली. तुम्ही तिची थट्टा केलीत, पण मी तिचे हात धरून बसले होते, तुम्ही तिथे नव्हतात. "बकुळा, मला दिसली नाही गं," एवढेच ती म्हणत राहायची. आणि आता तुम्ही लिहीत होता, मला दिसत नाही. मला दिसते असे मी कसे लिहू? माझ्या हाताने तुम्हाला सहा महिने कसे लिहून देऊ? मला वाटले, मलाही दिसत नाही म्हटले तर ते तुमच्या एकट्यावर येणार नाही. दोघांचे म्हटले की शकुन खोटा पडेल. इतकी मी मूर्ख. चष्मा लागेल असे लिहिले होतेत, मला वाटले, चष्मा काय, आज ना उद्या लागेलच.

"चांदणे आहे, सांगता येत नाही," एवढे खोटे पुरले असते. तरी तुम्ही डॉक्टरांकडे गेला असता. मी त्याहून मोठे लिहिले. कड्यांचेही लिहिले, ते गाळले असते तरी चालले असते.

तुम्ही मरू नये म्हणून मी हे केले आणि तुमचे डोळे घालवले. मला शिव्या द्या, दादा. माझे तोंड पाहू नका असे म्हणणार होते, पण तेही आता म्हणता येत नाही.

बकुळा

* * *

धार, ता. १६ मार्च १९०८

वन्सं,

हे पत्र तुमच्या दादांनी सांगितलेले नाही. ते आत निजले आहेत. तुम्ही एकटीने वाचा आणि चुलीत घाला.

तुमचे पत्र आले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. "बकुळाचे का? वाच, वाच," म्हणाले. मी पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि पुढचे मनातच वाचू लागले. "काय झाले? तिचे डोळे...?" असे म्हणून त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. मी म्हटले, सासूबाई आजारी आहेत, तिचे जाणे अजून झालेले नाही. सोळा वर्षांच्या संसारात त्यांच्याशी मी पहिल्यांदा खोटे बोलले.

तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. नोव्हेंबरात त्यांना चष्म्याची थट्टा सुचली नव्हती. ते घाबरले होते. मला जवळ बसवून म्हणाले, मला डोळ्यांचे काही तरी झाले आहे. एकोणतीस तारखेला पहाटे इंदुरास निघायचे ठरले. रघुजीचा टांगा सांगितला, मी दशम्या केल्या. अठ्ठावीसला तुमचे पत्र आले. रघुजी दारात आला तर हे हसत त्याला म्हणाले, "भिया, अब नहीं जाना. बहन की चिट्ठी आ गई." दशम्या आम्ही घरीच खाल्ल्या. ते लहान मुलासारखे खूष होते.

तेव्हा मी तुम्हाला क्षमा केली असे लिहिणार नाही. मला ते येणार नाही. तुमचे मन वाईट नव्हते हे मला कळते, आणि तरी राग जात नाही. तो माझा मी गिळेन. पण तुमचे पत्र मी त्यांना वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हीही हे त्यांना कधी सांगायचे नाही. तुम्हाला मन हलके करायचे आहे, वन्सं. ते ओझे त्यांच्यावर टाकू नका. आज ते म्हणतात, दोघांचे नशीब एक, कोणाचा दोष नाही. एकट्याचेच होते आणि वाचले असते, हे कळल्यावर त्या माणसाने उरलेले दिवस कसे ढकलायचे?

ते रोज दोन वेळा विचारतात, बकुळा इंदुरास गेली का? "माझे गेले ते गेले, तिचे वाचतील," एवढ्या एका गोष्टीवर त्यांच्या घशाखाली घास उतरतो. तेव्हा तुम्ही जा. खरोखर जा, डॉक्टर म्हणतात ते रक्ताचे दुखणे आहे, पाहून घेतलेले बरे. आणि आल्यावर लिहा, की सुरुवात होती, थेंब दिले, आता बरे आहे. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन.

कसे लिहायचे ते मला विचारू नका. नोव्हेंबरात लिहिलेत तसे लिहा.

सावित्री

* * *

देवास, ता. १ एप्रिल १९०८

तीर्थरूप दादांच्या चरणी बकुळाचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. सासूबाईंना जरा उठून बसवता आले तेव्हा निघालो. इकडची स्वारी बरोबर होती. डॉक्टरांनी मला अंधाऱ्या खोलीत बसवून दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले. नुकती सुरुवात आहे म्हणाले. तुम्हाला कोणी पाठवले, असे विचारले. भावाने, असे सांगितले. तर म्हणाले, भावाचे उपकार माना, बाई, वेळेवर आलात.

थेंब दिले आहेत, रोज दोन वेळा घालते. थोडे झोंबतात. दिव्याभोवतीची कडी गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला बोलावले आहे, तेव्हा धारेस येऊन तुम्हाला भेटेन. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

काल दिवेलागणीनंतर गच्चीवर गेले. आकाश निरभ्र होते. अरुंधती खुणेच्या ताऱ्यापेक्षा दोन पायऱ्या ठळक. चार महिन्यांनी दिसली, दादा. तुमच्यामुळे दिसली.

बकुळा